चार्ल्सला कोणत्या कॉलेजात घालायचे?

परीक्षांचे निकाल लागले, की नव्वद टक्क्यांच्या घरी पेढे येतात आणि पंचावन्न-साठ टक्क्यांच्या घरी प्रश्न येतो. याला आता घालायचे कुठे? मुलगा वाईट नसतो. त्याला उनाडही म्हणता येत नाही. पण शाळेने त्याच्याविषयी कधी चांगले सांगितलेले नसते आणि त्याला स्वतःला काय हवे, हे त्याला विचारून कळत नाही. असा प्रश्न १८२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील श्रूजबरी गावच्या एका नामवंत डॉक्टरांच्या घरी पडला होता. मुलाचे वय सोळा, नाव चार्ल्स रॉबर्ट डार्विन. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा डार्विन तो हाच. पण त्या उन्हाळ्यात ही गोष्ट त्याच्या वडिलांना ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. आपणही ती थोडा वेळ विसरलेली बरी, कारण त्याशिवाय त्या वडिलांची पंचाईत समजायची नाही.

चार्ल्सचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा. घरात तीन मोठ्या बहिणी, एक मोठा भाऊ आणि एक धाकटी बहीण. आजोबा इरॅस्मस डार्विन हे गाजलेले वैद्य आणि कवी, तर आईचे वडील जोसाया वेजवुड हे चिनीमातीच्या भांड्यांचे जगप्रसिद्ध कारखानदार. वडील डॉ. रॉबर्ट डार्विन सहा फूट दोन इंच उंचीचे, वजन दीडशे किलोंच्या घरात. वैद्यकीइतकीच त्यांची गुंतवणुकीतील नजर तीक्ष्ण होती आणि आसपासच्या अनेक जमीनदारांना त्यांनी कर्जे दिलेली होती. चार्ल्स आठ वर्षांचा असताना, १८१७ मध्ये आई वारली. पुढे मोठ्या बहिणींनीच त्याला सांभाळले. वडिलांचा मुलांवर जीव होता, पण त्यांचा धाकही मोठा होता. मुलाच्या मनातले वडिलांपर्यंत आणि वडिलांचा शब्द मुलापर्यंत बहुधा बहिणींमार्फतच पोहोचे.

१८१८ मध्ये चार्ल्सला गावातल्याच डॉ. सॅम्युअल बटलर यांच्या शाळेत वसतिगृहात ठेवले. तिथे त्याची सात वर्षे गेली. अभ्यास म्हणजे लॅटिन आणि ग्रीक. त्यांच्या जोडीला थोडासा इतिहास-भूगोल. ओळी पाठ करायच्या, त्या धर्तीवर पद्ये रचायची आणि अठ्ठेचाळीस तासांत सगळे विसरायचे, असा क्रम. घर मैलभरावर होते. संध्याकाळची हजेरी झाली, की हा धावत घरी जाई आणि दार बंद व्हायच्या आत धापा टाकीत परत येई. घरच्या बागेतील अवजारांच्या खोलीत थोरल्या भावाने रसायनांची छोटी प्रयोगशाळा मांडली होती. तिथे दोघे रात्री उशिरापर्यंत वायू तयार करीत बसत. शाळेतील मुलांनी त्यामुळे त्याचे नाव गॅस असे पाडले. मुख्याध्यापकांनी मात्र असल्या निरुपयोगी गोष्टींत वेळ घालवतो म्हणून सर्वांदेखत त्याची कानउघाडणी केली. शिक्षकांचे आणि वडिलांचे त्याच्याविषयी एकमत होते. हा मुलगा अगदी सामान्य आहे, किंबहुना सामान्याहून थोडा खालीच. शिकार, कुत्री आणि उंदीर पकडणे यांपलीकडे याला काही सुचत नाही आणि हा घराण्याचे नाव घालवणार, असे वडील एकदा संतापून बोलून गेले. ते बोलणे मुलाच्या मनात कायमचे रुतून बसले. पुढे साठी उलटल्यावर आत्मचरित्र लिहिताना त्याने ते नोंदवले, पण वडिलांवर राग न धरता. आपण पाहिलेला सर्वांत प्रेमळ माणूस तोच होता, पण त्या क्षणी तो चिडलेला होता आणि थोडा अन्यायीही, असा त्याचा निवाडा.

शाळेत ठेवून काही होणार नाही, हे डॉक्टरांनी ओळखले आणि वेळेच्या आधीच त्याला तिथून काढले. हा पहिला निर्णय, आणि तो बरोबर होता. पुढचा निर्णय वैद्यकीचा. त्यालाही अगदीच आधार नव्हता असे नाही. त्या उन्हाळ्यात चार्ल्सने गावातील डझनभर गरीब रुग्ण पाहिले होते. लक्षणांचे टिपण करून तो वडिलांना वाचून दाखवी, वडील आणखी काय विचारायचे ते सांगत, आणि औषधे हा स्वतः तयार करी. मुलगा रुग्णाचा विश्वास मिळवतो, हे अनुभवी बापाच्या नजरेने टिपले. डॉक्टरांच्या यशाचे मर्म तेच असते, असे त्यांचे मत होते.

राहिला कॉलेजचा प्रश्न. एडिंबरो हे वैद्यकीसाठी ब्रिटनमधील पहिल्या प्रतीचे विद्यापीठ. आजोबा तिथे शिकलेले, वडील तिथे शिकलेले, आणि थोरला भाऊ इरॅस्मस वैद्यकीचे शिक्षण पुरे करण्यासाठी तिथेच निघालेला. सोळा वर्षांच्या पोराला परगावी एकटे ठेवण्यापेक्षा भावाच्या सोबत धाडलेले चांगले, हा कोणत्याही बापाला सुचणारा हिशेब. भावंडांनी लोथियन स्ट्रीटवर बिऱ्हाड केले.

या निवडीमागे आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला सगळ्यांत बोलकी वाटते. डॉ. रॉबर्ट यांचा थोरला भाऊ याच एडिंबरोत वैद्यकी शिकत असताना १७७८ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी वारला होता. त्याचे नाव चार्ल्स. पुतण्याला त्याचेच नाव दिलेले. स्वतः डॉ. रॉबर्ट यांना वैद्यकी मुळीच आवडत नव्हती. पोटापुरते दुसरे काही हाताशी असते किंवा वडिलांनी मोकळे सोडले असते, तर आपण या धंद्यात कधीच पडलो नसतो, असे ते सांगत. शस्त्रक्रियेच्या नुसत्या विचाराने त्यांना कसेसे होई आणि कुणाचे रक्त काढताना ते पाहू शकत नसत. स्वतःच्या बापाने ज्या वाटेवर ढकलले म्हणून ते आयुष्यभर कुरकुरले, त्याच वाटेवर त्यांनी मुलाला उभे केले. माणसे असे का करतात? कदाचित ओळखीच्या वाटेवरचे खड्डे तरी ठाऊक असतात म्हणून.

खड्डा लवकरच आला. ऑक्टोबर १८२५ मध्ये चार्ल्स एडिंबरोत दाखल झाला. हिवाळ्यात सकाळी आठ वाजता डॉ. डंकन यांचे औषधिद्रव्यांवरील व्याख्यान असे. त्याची नुसती आठवण त्याला पुढे पन्नास वर्षांनीही नकोशी वाटे. शरीररचनेचे प्राध्यापक मन्रो यांचा तास कंटाळवाणा, आणि शवविच्छेदनाची त्याला किळस आली. पुढे आयुष्यभर संशोधनात ही उणीव नडली, असे त्याने स्वतःच कबूल केले आहे. क्लोरोफॉर्मची भूल निघायला अजून दोन दशके अवकाश होता. शुद्धीवर असलेल्या माणसावर होणाऱ्या दोन शस्त्रक्रिया त्याने पाहिल्या. त्यातली एक लहान मुलावरची होती. दोन्ही वेळा तो अर्ध्यातून पळत बाहेर आला आणि पुन्हा कधी तिथे गेला नाही. त्यातच त्याच्या ध्यानात आले, की वडील आपल्यासाठी खाऊनपिऊन सुखी राहण्याइतकी मालमत्ता ठेवणार आहेत. मग उरलेसुरले कष्ट घेण्याची इच्छाही मावळली. संपन्न घरातील आईबापांनी हे वाक्य जरा थांबून वाचावे.

मनाला येईल तीच व्याख्याने ऐकायची, ही चार्ल्सची पद्धत वडिलांना पसंत नाही, अशी कानउघाडणी बहीण सुझनच्या पत्रातून आली. डॉक्टरांचे म्हणणे चूक नव्हते. पण ही दोन वर्षे वाया गेली, असे मात्र म्हणता येत नाही. लोथियन स्ट्रीटवरच जॉन एडमनस्टन नावाचा एक कृष्णवर्णीय गृहस्थ राहत असे. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतील गयानाचा, गुलामगिरीतून मुक्त झालेला. पक्ष्यांच्या कातड्यात पेंढा भरून ते टिकवण्याची विद्या त्याला उत्तम येत होती. चार्ल्सने त्याला एक गिनी फी दिली आणि दोन महिने रोज तासभर त्याच्याकडे ही कला शिकला. त्याच्याशी गप्पा मारायला त्याला फार आवडे. रॉबर्ट ग्रँट या प्राणिशास्त्रज्ञाबरोबर तो फोर्थच्या खाडीवर ओहोटीच्या वेळी समुद्रजीव गोळा करीत हिंडे. मार्च १८२७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने विद्यार्थ्यांच्या प्लिनियन सोसायटीपुढे आपले पहिले छोटेसे शोध मांडले. शिंपल्यांवर सापडणारे काळे ठिपके वनस्पतीचे नसून एका जळवेची अंडी आहेत, हा त्यातलाच एक. यातल्या कशालाही परीक्षेत गुण नव्हते. उलट, जिथे रीतसर तास होता तिथे प्रा. जेमसन यांच्या रटाळ शिकवण्याने त्याने असा पण केला, की जन्मात भूगर्भशास्त्राचे पुस्तक हाती धरायचे नाही. पुढे त्याला पहिली कीर्ती याच शास्त्राने मिळवून दिली, ही गंमत वेगळी!

एप्रिल १८२७ मध्ये तो पदवीविना परतला. थोरला भाऊ आदल्याच वर्षी लंडनला गेला होता. चार्ल्सला डॉक्टर व्हायचे नाही, ही बातमीही वडिलांना बहिणींकडूनच समजली. स्वतः जाऊन सांगण्याची त्याला हिंमत झाली नाही. आता दुसऱ्यांदा तोच प्रश्न, आणि या वेळी तो अधिक अवघड. मुलगा अठरा वर्षांचा, दोन वर्षांचे पैसे खर्च झालेले आणि हातात काही नाही. शिकारीच्या नादाने तो रिकामटेकडा सरदार होईल, ही डॉक्टरांना खरी धास्ती होती. त्यांनी पाद्री होण्याचा मार्ग सुचवला. डॉक्टर स्वतः फारसे श्रद्धाळू नव्हते. तरी हा सल्ला त्या काळात विचित्र नव्हता. इंग्लंडमधील खेड्यातल्या पाद्र्याला घर, ठरावीक उत्पन्न आणि भरपूर सवड मिळे. पक्षी, फुले, कीटक यांच्या नोंदी ठेवणारे अर्धेअधिक लोक पाद्रीच असत. सेलबोर्न गावचा गिल्बर्ट व्हाइट हा त्यांतला नामांकित, आणि त्याचे पुस्तक चार्ल्सने लहानपणीच वाचलेले होते. या वेळी डॉक्टरांनी एक गोष्ट चांगली केली. त्यांनी मुलाला विचार करायला वेळ दिला. चार्ल्सने काही धर्मग्रंथ चाळले, आपली हरकत नाही अशी मनाची समजूत घातली आणि होकार दिला.

पाद्री व्हायचे तर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची पदवी हवी. पुन्हा थोरल्या भावाचेच कॉलेज निवडले गेले, केंब्रिजचे क्राइस्ट्स कॉलेज. पण सात वर्षे घोकलेले ग्रीक दोन वर्षांत पार पुसले गेले होते, अगदी काही अक्षरांसकट! घरी शिकवणी लावावी लागली. बरोबरीची मुले ऑक्टोबरमध्ये रुजू झाली. हा जानेवारी १८२८ मध्ये पोहोचला.

केंब्रिजमध्येही अभ्यासाची कथा तीच. गणितासाठी खास शिक्षक ठेवूनही बीजगणित डोक्यात शिरेना. दूरच्या नात्यातला भाऊ विल्यम डार्विन फॉक्स याने भुंगेरे गोळा करण्याचा छंद लावला आणि त्याचे वेडच झाले. एकदा झाडाची साल सोलताना दोन दुर्मीळ भुंगेरे सापडले. ते दोन हातांत धरले, तोच तिसरा दिसला. मग एक हात मोकळा करण्यासाठी एक भुंगेरा तोंडात टाकला. त्याने सोडलेल्या जहाल द्रवाने जीभ भाजली, तो थुंकावा लागला आणि तिसराही निसटला. शिकार, पत्ते, मेजवान्या चालूच होत्या. कर्ज झाले. ते वडिलांनीच फेडले.

पण याच केंब्रिजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन स्टिव्हन्स हेन्स्लो होते. चार्ल्सच्या पदवीशी त्यांच्या विषयाचा काही संबंध नव्हता. तरी तो त्यांच्या व्याख्यानांना जाई, शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळींत बसे आणि त्यांच्यासोबत लांब फिरायला जाई. इतका, की हेन्स्लोंबरोबर फिरणारा मुलगा अशीच त्याची विद्यापीठात ओळख झाली. आपल्याला काय येत नाही हे न लपवता विचारता येईल, असा शिक्षक त्याला पहिल्यांदाच भेटला. अखेरच्या महिन्यांत नेट लावून अभ्यास केला आणि जानेवारी १८३१ मध्ये ऑनर्स नसलेल्या साध्या पदवीच्या परीक्षेत १७८ जणांत तो दहावा आला. उशिरा दाखल झाल्यामुळे आणखी दोन सत्रे केंब्रिजात राहणे भाग होते. या सक्तीच्या मुक्कामात हेन्स्लोंनी त्याला भूगर्भशास्त्राकडे वळवले आणि ऑगस्टमध्ये प्रा. अ‍ॅडम सेजविक यांच्याबरोबर वेल्सच्या डोंगरात खडक पाहायला पाठवले. एडिंबरोतला पण तिथे मोडला.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी तो वेल्सहून घरी आला, तर टेबलावर हेन्स्लोंचे पत्र. बीगल हे सरकारी जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची पाहणी करण्यास निघत होते. कप्तान फिट्झरॉय यांना सोबतीला एक सुशिक्षित निसर्गअभ्यासक हवा होता. पगार नाही, खर्च स्वतःचा. मुलगा हरखला आणि वडिलांनी नाही म्हटले.

या नकारावरून डॉ. रॉबर्ट यांना नावे ठेवण्याची प्रथाच आहे. मला ती योग्य वाटत नाही. त्यांचे आठ आक्षेप चार्ल्सने स्वतः कागदावर लिहून काढले होते. पाद्री होणाऱ्याला हे शोभणार नाही. बेत अविचाराचा आहे. ही जागा आधी इतरांना देऊ केली असणार. त्यांनी ती नाकारली, त्या अर्थी जहाजात किंवा मोहिमेत खोट असणार. परत आल्यावर मुलगा स्थिर होणार नाही. जहाजावर हाल होतील. हा पुन्हा एकदा धंदा बदलल्यासारखे होईल. आणि यातून निष्पन्न काही होणार नाही. यातला एकही आक्षेप मूर्खपणाचा नाही. जागा आधी इतरांना देऊ केली होती, हे तर खरेच होते. हेन्स्लोंचे मेहुणे जेनिन्स यांनी ती नाकारली होती आणि हेन्स्लोंनी स्वतःही विचार करून सोडून दिली होती. दोन कॉलेजांत पैसे घालून बसलेल्या बापाच्या दृष्टीने सातवा आक्षेप सर्वांत वजनदार होता.

तरीही डॉक्टरांनी नकार देताना एक फट ठेवली. जाण्याचा सल्ला देणारा एखादा शहाणा, व्यवहारी माणूस शोधून आण, मग मी संमती देईन, असे ते म्हणाले. चार्ल्सने हेन्स्लोंना नकार कळवून टाकला आणि शिकारीसाठी मेअर गावी मामाकडे गेला. मामा जोसाया वेजवुड हे कमी बोलणारे, पण ज्यांच्या शहाणपणावर डॉक्टरांचा पूर्ण विश्वास होता असे गृहस्थ. वडिलांनी भाच्याच्या हाती त्यांच्यासाठी चिठ्ठीही दिली होती. मामांनी आठही आक्षेपांना मुद्देसूद उत्तरे लिहिली. धंदा बदलण्याच्या मुद्द्यावर त्यांचे म्हणणे असे, की मुलगा सध्या धर्मशास्त्रात बुडालेला असता तर गोष्ट वेगळी होती. पण तो ज्या ज्ञानाच्या मागे आहे, ते त्याला या सफरीतच मिळणार आहे. दुसऱ्या दिवशी, १ सप्टेंबरला, मामा स्वतः भाच्याला गाडीत घालून श्रूजबरीला आले. डॉक्टरांनी शब्द पाळला, संमती दिली आणि सगळा खर्च उचलण्याचे कबूल केले. केंब्रिजमधल्या उधळपट्टीची आठवण ठेवून मुलगा म्हणाला, की जहाजावर ठरल्यापेक्षा जास्त खर्च करायला फारच हुशारी लागेल. त्यावर वडील हसले आणि तू हुशार आहेस असेच तर सगळे सांगतात, असे म्हणाले.

बीगल २७ डिसेंबर १८३१ रोजी निघाले. दोनेक वर्षांची म्हणून ठरलेली सफर जवळजवळ पाच वर्षे चालली. पेंढा भरण्याची विद्या, ग्रँटकडून मिळालेली समुद्रजीवांची जाण, सेजविक यांच्याबरोबर पाहिलेले खडक हे सगळे तिथे कामी आले. १८३५ मध्ये हेन्स्लोंनी त्याच्या पत्रांतील उतारे छापून वाटले. वडील ते सगळे वाचून झाल्याशिवाय जागचे उठले नाहीत, असे बहिणीने त्याला कळवले. त्याच सुमारास सेजविक यांनी एका पत्रात हा तरुण मोठे नाव काढील असे भाकीत केले. ते पत्र लिहिले होते जुने मुख्याध्यापक डॉ. बटलर यांना! बटलर यांनी त्यातला मजकूर डॉक्टरांकडे धाडला. ऑक्टोबर १८३६ मध्ये मुलगा घरी आला, तेव्हा त्याला पाहताच डॉक्टर मुलींकडे वळून म्हणाले, की याच्या डोक्याचा आकारच बदलला आहे. पाद्री होण्याचा विषय न बोलताच मिटला. १८३९ मध्ये त्याने मामाची मुलगी एमा हिच्याशी विवाह केला. आपल्या वाचकांना त्यात काही नवल वाटणार नाही.

अर्थात, हे सगळे पैशाने साधले हेही खरे. श्रूजबरीच्या एखाद्या विणकराच्या सामान्य बुद्धीच्या मुलाला दोन कॉलेजे आणि पाच वर्षांची बिनपगारी सफर कोण देणार होते? आणि ज्या बहिणींनी घरादाराची पत्रे लिहिली, त्यांच्यासाठी एकाही कॉलेजचे दार उघडे नव्हते. केंब्रिजशी जोडलेले मुलींचे पहिले कॉलेज १८६९ मध्ये निघाले.

डॉ. रॉबर्ट नोव्हेंबर १८४८ मध्ये वारले. मुलाचा मुख्य ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांना पाहायला मिळाला नाही. तोवर डार्विन स्वतः वाढत्या मुलांचे वडील झाले होते. थोरल्या विल्यमला त्यांनी प्रसिद्ध रग्बी शाळेत घातले, आणि तिथेही लॅटिन-ग्रीकचेच दळण चाललेले पाहून ते हळहळले. धाकट्यांसाठी त्यांनी क्लॅपमची शाळा निवडली, कारण तिथे गणित आणि विज्ञानाला जागा होती. विल्यम केंब्रिजला गेला, त्याच क्राइस्ट्स कॉलेजात, आणि पुढे साउदॅम्प्टनला बँकर झाला. जॉर्ज १८६८ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसरा आला, तेव्हा बीजगणितापुढे हात टेकलेल्या बापाला आकाश ठेंगणे झाले. लेनर्ड स्वतःला भावंडांत मठ्ठ समजे. तो त्याच वर्षी वुलिच येथील लष्करी अकादमीच्या प्रवेशपरीक्षेत दुसरा आला आणि लष्करात अभियंता झाला. होरेस सतत आजारी असे आणि त्याच्या शिक्षणाची सर्वांनाच काळजी होती. त्याला यंत्रांची आवड होती. केंब्रिजनंतर त्याने एका यंत्रकारखान्यात उमेदवारी केली आणि १८८१ मध्ये शास्त्रीय उपकरणे बनवणारी कंपनी काढली.

फ्रान्सिस मात्र आजोबांच्या वाटेने गेला. त्याने केंब्रिजनंतर लंडनला वैद्यकीचे शिक्षण घेतले, पदवीही मिळवली, आणि एक दिवसही दवाखाना चालवला नाही. तो डाऊन गावच्या घरी परतला आणि वडिलांच्या हाताखाली रोपट्यांवर प्रयोग करू लागला. वनस्पतींच्या हालचालींवरील त्या दोघांचे पुस्तक १८८० मध्ये निघाले, डार्विन यांच्या मृत्यूच्या दोन वर्षे आधी.